जुवाखालचा विसावा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



महिन्यापूर्वी चिटणीसबाईंचा निरोप आला, की यंदा वर्धापनदिनी 'कष्टी जनांचा विसावा' या विषयावर तुम्ही बोलायचे. मी म्हटले, बाई, मला दोनशे पोळ्या लाटायला सांगा, पण भाषण सांगू नका. त्या म्हणाल्या, पोळ्या दुसऱ्या लाटतील, हा विषय तुमचाच आहे. त्या असे का म्हणाल्या ते इथल्या काही जणींना ठाऊक आहे, काहींना नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मी आज सांगते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय संपतो तिथली तीन वचने आपणां सर्वांना पाठ आहेत. कष्ट करून थकलेल्यांना आणि ओझ्याने वाकलेल्यांना प्रभू जवळ बोलावतात आणि विसावा देण्याचे वचन देतात. लहानपणी शब्बाथ शाळेत मी ती न चुकता म्हणून दाखवली होती आणि मला रंगीत चित्राचे बक्षीस मिळाले होते. पण पाठ झालेले वचन आणि उमगलेले वचन यांत फार अंतर असते. माझ्या बाबतीत ते अंतर पस्तीस वर्षांचे होते.

२०२० साली टाळेबंदीत ह्यांचा कारखाना बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. 'हो', 'नको' आणि 'देवा' एवढे तीनच शब्द राहिले. ज्या बाईने चाळीस वर्षे देवळात गाणे धरले, तिच्याजवळ तीन शब्द! ह्यांना मग रखवालदाराचे काम मिळाले, तेही रात्रपाळीचे. म्हणजे रात्रभर घरात मी, दोन मुले आणि सासूबाई.

ज्यांनी असे दुखणे काढले आहे त्यांना सांगायला नको. माणूस एका कुशीवर पडून राहिले की पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात आणि एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. इस्पितळातल्या परिचारिकेने मला ते शिकवले होते : एक उशी पाठीशी, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटरीखाली, म्हणजे टाच अंथरुणाला टेकत नाही. मी गजर लावून उठत असे. अकरा, एक, तीन, पाच. सासूबाईंच्या पाठीला एक चट्टा उठू दिला नाही. मला त्याचा अभिमान होता, तोही सांगून टाकते. शेजारणी येऊन पाहत आणि वाखाणत. मंडळात मला 'आमची रूथ' म्हणू लागल्या. नामीला सोडून न गेलेली सून ती रूथ. ते ऐकून मला बरे वाटे.

प्रार्थना करीत नव्हते असेही नाही. रोज रात्री गुडघे टेकत होते. पण माझी प्रार्थना म्हणजे वाण्याकडे धाडायची यादी होती. ह्यांना दिवसपाळी दे, थोरल्याची फी भरू दे, घरभाडे वाढू नये, सासूबाईंना बोलता येऊ दे. यादी द्यायची, 'आमेन' म्हणायचे आणि गजर लावायचा. त्या यादीत मी स्वतः कुठेच नव्हते. विसावा म्हणजे मला वाटे, ही यादी एकदाची पुरी होणे. ज्या दिवशी सगळे मिळेल त्या दिवशी मी विसावेन.

मधे एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी भर सभेत सांगितले, की विश्वास पुरा असेल तर घरात आजार टिकत नाही. मी घरी येऊन फार रडले. आज मला त्या बोलण्याचा राग येतो. सासूबाईंच्या विश्वासाच्या पासंगालाही आपण कोणी पुरणार नाही, आणि त्याच अंथरुणावर आहेत. थकलेल्या बाईच्या डोक्यावर असे आणखी एक गाठोडे ठेवू नये, मग ठेवणारा कितीही मोठा वक्ता असो.

आता जे सांगायचे ते सांगते. २०२३ च्या फेब्रुवारीतली रात्र. एक वाजता मी सासूबाईंचे सगळे अंथरूण बदलले होते. तीनला उठले तर पुन्हा सगळे ओले. धुतलेली चादर संपली होती. मी त्यांना वळवू लागले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि त्या सोडीनात. 'देवा, देवा' असे चालले होते. मी दोनदा हात सोडवला, त्यांनी पुन्हा धरला. तेव्हा मी त्यांच्या हातावर मारले. चापट नव्हे, चांगले मारले. आणि म्हणाले, "सुटा आता एकदाच्या!"

सुटा म्हणजे काय, ते मला कळले आणि त्यांनाही कळले. त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला. त्यांचा तेवढा एकच हात चालत होता.

सकाळी मी नेहमीसारखी पेज भरवली. ह्यांना काही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सभेत कोणीतरी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या रूथबाई." त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरे असे मला झाले. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी पोट दुखते म्हणून घरी बसले. त्याच्या पुढच्यालाही बसले. भगिनींनो, तेव्हा मला कळले की माझे ओझे काय आहे. ओल्या चादरी, गजर, कर्ज, ह्यांची रात्रपाळी, हे सगळे होतेच. पण त्याने माझी पाठ मोडली नव्हती. माझी पाठ मोडली ती 'रूथ' या नावाने. ते नाव मी वागवीत होते आणि ते खोटे होते.

एप्रिलच्या ५ तारखेला पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन असतो. त्या वर्षी तो उत्तम शुक्रवारच्या दोनच दिवस आधी आला. चिटणीसबाईंनी मला रमाबाईंविषयी चार शब्द वाचायला सांगितले, कारण सासूबाईंची आजी मुक्ती मिशनात वाढलेली. हे केडगाव दौंडजवळचे, आपल्या नगरच्या वेशीवरचे नव्हे. दोन्ही केडगावांचा घोटाळा पुष्कळांचा होतो. गुजराथेत १९०० सालच्या दुष्काळात सर्वस्व गेलेल्या ज्या शेकडो मुली रमाबाईंनी आणवल्या, त्यांत ही सातआठ वर्षांची पोर होती. पुढे तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवीत असे. सासूबाई बोलत्या होत्या तेव्हा हे सारे अभिमानाने सांगत. मी त्यांची पेटी उघडली. तीत रमाबाईंच्या साक्षीची लहानशी पुस्तिका होती. चार शब्द काढायचे म्हणून वाचायला घेतली आणि पुरी होईपर्यंत खाली ठेवली नाही. त्या रात्री अकराच्या गजराची गरजच पडली नाही.

रमाबाईंचे चरित्र आपण ऐकतो ते बहुधा मोठमोठ्या कामांचे. संस्कृत पांडित्य, परदेश प्रवास, १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन. पण त्या बाईच्या पाठीवर काय काय होते ते मोजा. १८७४ साली दुष्काळात वणवण करताना आई, वडील आणि थोरली बहीण गेली. राहिलेला भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ साली नवरा पटकीने गेला. वय तेवीस-चोवीस, कडेला एक वर्षाच्या आतली मुलगी, मनोरमा. इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर व्हायचे मनात होते, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येई. १८८३ साली तिथे बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याबरोबर विसावा मिळाला, अशी माझी समजूत होती. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की तसे झाले नाही. आपल्याला धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता, असे त्या म्हणतात. तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली, म्हणजे १८९१ च्या सुमाराला. तोवर देवळात जाणे, शिकवणे, शाळा काढणे सगळे चाललेच होते, आणि मनाला मात्र चैन नव्हते. एवढी विदुषी, पण आपण स्वतःच्या बळाने चांगले होण्याची धडपड करतो आहोत आणि ती पुरी पडत नाही, हे तिला कबूल करावे लागले. आपले पाप घेऊन, आहे तशी, ती प्रभूपाशी गेली. मी ते वाचताना थांबले. म्हटले, रमाबाईंना आठ वर्षे लागली तर माझ्या पस्तीस वर्षांची इतकी लाज कशाला?

आणि पुढचे पाहा. विसावा मिळाल्यावर त्यांचे ओझे कमी झाले का? मुळीच नाही. १८९३ साली पुण्यात शारदा सदनावर मोठे वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून ओरड झाली, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तिथून उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, म्हणून त्या मुलींना केडगावच्या माळावर नेले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजारांची चूल! आपल्याकडे चार पाहुणे आले तर आपण पीठ किती उरले ते बघतो. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, आजारी मुलींची सेवा, शिवाय मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्यावर पुढचा सगळा भार टाकायचा होता ती. रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले आणि १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या.

म्हणजे १८९१ नंतरची एकतीस वर्षे त्या बाईने आधीपेक्षा दसपट ओझे वाहिले, आणि साक्षीत मात्र सांगितले की विसावा मिळाला. मी हिशेब करीत बसले. एक तर ही बाई खोटे लिहिते, नाहीतर मी 'विसावा' या शब्दाचा अर्थच चुकीचा धरला आहे.

तेव्हा मला ती तीन वचने पुन्हा आठवली. आपण पहिले वचन म्हणतो आणि थांबतो. पुढच्याच वचनात प्रभू जू घ्यायला सांगतात. थकलेल्याला जू! माझे माहेर नेवासे तालुक्यातले, वडील कोरडवाहू शेतकरी. जू मी रोज पाहिलेले आहे. जू कधी एका बैलाचे नसते. दोन्ही टोकांना शिवळा असतात, दोन माना लागतात. नवा खोंड शिकवायचा असला की वडील त्याला दुसऱ्या खोंडाशी जुंपीत नसत, दोघे मिळून जू मोडतात. शेजारी म्हातारा, शिकलेला बैल द्यायचे. आणि मधली दोरी थोडी त्या थोरल्याच्या बाजूला सरकवून बांधायचे, म्हणजे ओढ त्याच्या खांद्यावर जास्त येते. खोंडाला वाटते, नांगर आपणच ओढला. दिवसभर शेजाऱ्याबरोबर पावले टाकायची, एवढेच त्याचे काम. सुताराने जू नीट घोटले नसले तर खांदा सुजतो, म्हणून वडील नव्या जुवावरून आधी स्वतःचा तळहात फिरवून बघत. आपले प्रभू नासरेथचे सुतारच होते. त्यांनी किती जू घोटून दिले असतील कोण जाणे. आपले जू सोयीचे आहे असे ते म्हणतात, ते मला तळहात फिरवलेल्या माणसाचे बोलणे वाटते.

मी मात्र जुवाचे एक टोक मानेवर घेऊन दुसरे टोक जमिनीवर फरफटत चालले होते, आणि लोक वाखाणत होते.

५ तारखेला मी मंडळात चार शब्द वाचले आणि घरी आले. ६ तारखेची, उत्तम शुक्रवारच्या आदली रात्र. प्रभुभोजनाला मी गेले नाही. अकरा वाजता सासूबाईंची कूस बदलली आणि खाली बसले. त्यांचा डावा हात हातात घेतला. तो त्यांनी आखडून घेतला. फेब्रुवारीपासून त्या तसाच आखडून घेत होत्या, मी बघून न बघितल्यासारखे करीत होते. मी म्हटले, "आई, मी तुम्हांला मारले. तुम्ही मराव्यात असे मला वाटले होते. मला क्षमा करा." हे मोठ्याने म्हटले, कारण मनातल्या मनात म्हणायला मला लाज वाटत नाही, मोठ्याने म्हणायला वाटते.

त्या पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो."

एवढेच. 'हो' म्हणजे क्षमा केली, की 'हो, तू मारलेस', ते मला आजपर्यंत नक्की ठाऊक नाही. पण त्यांनी हात परत माझ्या हातात दिला. मी त्यांच्या अंथरुणाशेजारी डोके टेकून यादी नसलेली प्रार्थना पहिल्यांदा केली. ती फार थोडी होती. प्रभो, मी अशी आहे, मला एकटीला होत नाही. मग मला झोप लागली ती एकदम पाचच्या गजराला जाग आली. एक आणि तीनची पाळी चुकली. सासूबाईंची पाठ पाहिली, चट्टा नव्हता.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मी पाळकबाईंना सगळे सांगितले. मला वाटले होते त्या शास्त्रातले एखादे कडक वचन काढतील. त्यांनी विचारले, "जेवलीस का?" मग पुढ्यात ताट ठेवले आणि एलीयाची गोष्ट सांगितली. तो थकून, मरण मागून रानातल्या झुडपाखाली पडला होता. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. दूताकरवी भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. बोलणे त्यानंतर. पाळकबाईंनी आपल्या मुलीला माझ्या घरी धाडले आणि मला त्यांच्या घरी दुपारभर झोपवले. शिवाय, झोप उडाली आहे, अन्न जात नाही, तर डॉक्टरांनाही दाखव, असे बजावले. मी दाखवले. त्यात विश्वास कमी पडतो असे मला वाटत नाही. भाकर देवाचीच असते, दूत कोणत्याही वेषात येतो.

त्यानंतरच्या सभेत मी तुम्हां बायकांसमोर उभी राहून म्हटले, की मला रूथ म्हणू नका. कारणही सांगितले. कोणी काही बोलेना. मला वाटले, आता ह्या मला वाळीत टाकतील. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी माझ्या आजारी नवऱ्याला उपाशी ठेवले होते एकदा, रागाने. वीस वर्षे झाली, कुणाला सांगितले नाही." त्यांचे ऐकून आणखी एक उठली. त्या दिवशी चहा आधणावरच राहिला. आपल्या मंडळाचा इतिहास चिटणीसबाईंनी या स्मरणिकेत लिहिला आहे, त्यात शिवणवर्ग आहे, भजनस्पर्धा आहे, पूरग्रस्तांची मदत आहे. त्या दिवसाची नोंद त्यात नाही, आणि नसावीच. पण ज्या होत्या त्यांना आठवत असेल.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तुमच्यापैकी एकजण सासूबाईंजवळ बसते. जाऊबाईंशी माझे चार वर्षे बोलणे नव्हते. त्यांना मी पत्र लिहिले, की आई तुमच्याही आहेत, मला होत नाही. आधी मला वाटे, असे लिहिणे म्हणजे हार. त्या दिवाळीच्या सुट्टीत आल्या, पंधरा दिवस राहिल्या आणि आम्ही चौथ्या दिवशी भांडलो. पण आता दरवर्षी येतात.

बाकी काय बदलले? फारसे नाही. ह्यांची रात्रपाळी तीच. कर्ज फिटत आले आहे, फिटलेले नाही. सासूबाईंजवळ अजून तेच तीन शब्द आहेत. गजर अजून वाजतो. राग अजून येतो. गेल्या महिन्यातच मी भांडे इतक्या जोराने आपटले की त्याला पोचा आला. पण आता राग आला की मी बाहेर पडवीत जाते आणि म्हणते, प्रभो, दोरी तुझ्या बाजूला सरकव. कधी लगेच सरकते, कधी पहाटेपर्यंत सरकत नाही. तशा रात्रीही पुष्कळ गेल्या. सरकली नाही म्हणून शेजारचा बैल सुटून गेला असे मात्र मला आता वाटत नाही, कारण त्याच्या घुंगरांचा आवाज अंधारात ऐकू येतो.

तुमच्यांत आज कोणी घरी अशी रात्र टाकून आली असेल, तर सभा संपल्यावर माझ्याशी बोला. मी उपदेश करणार नाही, मला येतही नाही. मी आधी जेवलात का ते विचारीन.

आज मंगळवार नाही आणि शुक्रवारही नाही. तरी आमच्या शेजारच्या बाई सासूबाईंजवळ बसल्या आहेत, म्हणून मी इथे आले. त्यांच्या नळाला पाच वाजता पाणी येते, त्यांना जायला हवे. आता साडेचार झाले. मला निघू द्या.